मासोळीचं पोट

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. नागऱ्याच्या महादेवापुढे हात जोडून उभी राहिले, तेव्हा त्यालासुद्धा नाही — त्याला माहीतच असेल म्हणा. आता इंग्रज जाणार, सुराज येणार म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र एक मासोळी घुसून बसली आहे, ती काही जात नाही.

हसाल तुम्ही. मासोळीच्या पोटाची ती काय गोष्ट? हसा खुशाल. पण शेवटपर्यंत ऐका.

आमचं घर गोंदियात, तांदळाच्या व्यापाऱ्याचं. माझे मोठे दीर व्यापारासाठी रेल्वेनं कलकत्त्याला जायचे. एकदा येताना त्यांनी काचेची पेटी आणली आणि मडक्यातून लाल मासोळ्या. सारा मोहल्ला बघायला लोटला होता. पुढे दीर तापानं गेले. मासोळ्याही एकेक करून गेल्या, एकच उरली. तिला माझी मोठी जाऊ सांभाळायची — सुभद्राबाई. सणावारी तिला कोणी पुढे येऊ देत नसे. कोणी बोलायला गेलं की ती पदर सावरून भिंतीला लागायची. पेटीजवळ मात्र तिचा चेहरा निराळा असायचा. पाणी बदलताना ती मासोळीशी हळू आवाजात काय काय बोलत असे.

आणि सासूबाई! एकदा सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "माह्या लेकाची एवढीच निशाणी राहिली. तिले जप. हे मेली, त मंग तू आपल्या भावाकडं जाय. माह्या घरात कायले राहतं?"

सासूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. तिच्या भावाचं गाव चोरखमाऱ्याकडे. घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि भावजय अशी की हिला भाकर वाढताना ताट आपटायची. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं — हे आधीच सांगून ठेवते.

माझं दुखणं वेगळं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. आमच्याकडच्या बायका श्रावणातल्या सोमवारी नागऱ्याला जातात, दर्शन घेतात आणि तळ्यातल्या माशांना पोहे टाकतात. मासोळीचं पोट भरलं की आपलीही कूस भरते, असं मानतात. मीही नवस बोलले होते. पण त्या श्रावणात चिखलाचं निमित्त करून सासूबाई मला बाहेर सोडेनात. सोमवार तर चुकवायचा नाही. मग करायचं काय?

घरात मासोळी होतीच की!

जाऊबाई अंघोळीला गेली की मी कोरडे जाड पोहे घ्यायची आणि पेटीत टाकायची. मासोळी वर यायची, गपकन गिळायची. मला किती बरं वाटायचं! अहो, तळ्यातला मासा दोन दाणे खातो आणि चालता होतो. पेटीतली जाणार कुठे? आणि पोहे पाण्यात किती फुगतात हे धानाच्या मुलखात जन्मलेल्या बाईला कोणी सांगायला हवं का? पण नाही सुचलं. खरंच नाही सुचलं तेव्हा. इथवर मी अडाणी होते. पुढे नव्हते.

मासोळी तिरपी पोहू लागली. मग तोंड खाली, शेपटी वर. पोट टम्म. शेपटीखाली विष्ठेचा पांढरा दोरा लोंबत राहिलेला. सासूबाई पेटीसमोर येऊन उभ्या राहायच्या, एकदा पाण्याकडे बघायच्या, एकदा जाऊबाईकडे. जाऊबाई ताटावरून अर्धपोटी उठू लागली.

दिरांनी तिला शिकवून ठेवलं होतं. तिनं मला हाताला धरून पेटीजवळ नेलं. "पाह्य वं. तिचं पोट बसलं हाय. अन्न आतमंदी फुगून राहिलं. आता तिले काहीच द्याचं नाही. उपाशी ठेवाचं, पाणी कोमट ठेवाचं. मंग उकडलेल्या वाटाण्याचं साल काढून जरासाक गर देईन. तू बी ध्यान ठेव, कोणी काही टाकन नाही."

माझ्यावर भरवसा टाकला बाईनं. माझ्यावर!

आणि मासोळी सुधारली हो. सरळ पोहू लागली, पोट उतरलं. जाऊबाईनं वाटाणे भिजत घातले. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

मला सगळं कळत होतं. पोह्यांनीच झालं हे कळत होतं, मासोळी मेली तर बाईचं काय होणार हेही कळत होतं. तरी मी डब्यात हात घातला. मासोळीच्या उपासाच्या दिवसांत माझा एक सोमवार हुकला होता, म्हणून त्याचेही धरून जास्तच टाकले. ती भुकेली — तिनं सगळे खाल्ले. मी उभी राहून बघितलं. पेटीत एक दाणा उरू दिला नाही. उरला असता तर बाईनं ओळखलं असतं ना?

संध्याकाळी मासोळी पोट वर करून तरंगत होती.

"उपाशी मारली! माह्या लेकाची निशाणी उपाशी मारली हिनं!" सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी चुलीपाशी कणीक मळत होते. मळतच राहिले. तोंड उघडलं असतं तर मला काय, चार शिव्या मिळाल्या असत्या. हाकललं थोडीच असतं?

भावाकडे जायला बैलगाडीत बसताना जाऊबाईनं माझा हात धरला. तिला वाटत होतं, मी तिच्या बाजूची आहे. म्हणाली, "माह्याच हातानं गेली वं. माहा उपास जास्त झाला असन."

मी "हो" म्हटलं नाही. "नाही"ही म्हटलं नाही. गाडी गेली आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? सोमवार पुरे झाले.

मला मुलगा झाला. आता शाळेत जातो.

ती अजून जिवंत आहे. भावाच्या शेतात राबते. तिकडून आलेली बाई सांगत होती, भावाच्या घरात नातवंडं झाली, पण सुभद्रानं एकालाही कधी कडेवर घेतलं नाही. पोर रडत असलं तरी लांबूनच बोलते. म्हणते, माह्या हाताले अपेश हाय, माह्या हातून जीव जाते.

सकाळी गाडी जुंपली तर दिवस मावळायच्या आत तिच्या गावाला पोचता येतं. मी गेले नाही.