हाक मारून पाहिलेलं नाव

शेजारी बारशाच्या घुगऱ्या शिजत होत्या आणि त्या वासासरशी मला माझ्या धाकटीचं बारसं आठवलं. दुसरीही मुलगीच झाली म्हणून घर गप्प होतं. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, पण माझी नणंद मारेगावहून आली तोवर माझ्याशिवाय कुणी नावाचा विचारही केला नव्हता. "काहीबी ठेवा न आटपा," सासूबाई म्हणाल्या. मी मोबाइलवर एक नाव शोधून ठेवलं होतं, त्विशा. नणंदेनं ते ऐकलं, तीन वर्षांच्या मोठीला कडेवर घेतलं आणि सरळ फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. कापूस वेचणाऱ्या बायांना शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून हाका मारून कमावलेला तिचा आवाज! "मीराऽऽ, त्विशाऽऽ!" मग मान हलवून म्हणाली, "मोठीचं पोचते, लहानीचं इथंच पडून राह्यलं. सांजच्याले दोघीले एका दमात बोलावता आलं पाह्यजे." पुन्हा छाती भरून घेतली. "मीराऽऽ, गौरीऽऽ!" गल्लीच्या टोकापर्यंत दारं उघडली. काय झालं, कुणीतरी विचारलं. "काही नाही, आमच्या पोरी हायेत. दोन!" ती तिथूनच ओरडली. मी पाळण्याजवळून तिच्या पाठीकडे पाहतच राहिले. पाळण्याला फुलं मग सासूबाईंनी स्वतः बांधली. मोठी यंदा शिकायला यवतमाळला गेली. परवा ताटं वाढून मी सवयीनं एका दमात दोघींना हाक मारली. गौरी एकटीच आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "ताईलेबी आयकू गेलं असन, आई."