शेठच्या लॅपटॉपवर गुलनार

शहाद्याच्या शकील घोडीवाल्याला दोन बायका आहेत, असं सगळी पेठ म्हणायची. एक हलीमा, दुसरी गुलनार. हलीमाही तेच म्हणायची, वर पुस्ती जोडायची की सवतीला रोज मालिश, आणि माझं डोकं दुखलं तर म्हणतो, झोप जरा.

गुलनार म्हणजे पांढरीशुभ्र घोडी. तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेले. त्यातले कोणकोण घाबरून आयाळीला लोंबकळले, ते शकीलला नावानिशी पाठ. आणि मुलीकडच्या बायकांनी दुसऱ्यांदा चहा दिला, की तो ते सांगूनही टाकी.

पण साठी उलटली आणि शकीलचे गुडघे बोलायला लागले. वरातीपुढं लगाम धरून उलट्या पावली चालायचं, तेही डीजेच्या भोंग्यांसमोर, हे काही त्याला झेपेना. मुलगा अजहर सुरतेला कापडाच्या गिरणीत, त्याला घोड्याच्या वासानंच शिंका येतात. तेव्हा शकीलनं ठरवलं, गुलनारला आपल्या हयातीत चांगल्या घरी द्यायची. पोरीला स्थळ बघावं तशी त्यानं चौकशी चालवली. निझरचे नवलसिंग तयार झाले. माणूस शौकीन, तबेल्यात पंखे लावणारा. त्यांनी घोडीची चाल व्हिडिओत बघायला मागितली. आवडली तर सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत येतो आणि घेऊन जातो, म्हणाले.

शकीलच्या तबेल्यासमोरच इंदरचंदशेठचं बी-बियाण्याचं दुकान. शेठचा नातू मयंक हौशी. त्यानं नवा मोबाइल घेऊन तापीकाठी गुलनारला चालताना टिपलं आणि पाठवून दिलं. नवलसिंगांचा फोन आला: घोडी देखणी आहे, पण पुढच्या डाव्या पायावर अडखळतेय.

शकील हसला. एवढ्याशा काडेपेटीत कधी घोडी मावते का, म्हणाला. मोठ्या पडद्यावर बघू.

मोठा पडदा म्हणजे शेठचा लॅपटॉप. त्याची पेठेत वेगळीच ख्याती. शेठनं तो खताची बिलं करायला घेतला, पण रोज सकाळी गल्ल्याच्या आधी उदबत्ती त्याला. मयंकनं एकदा त्यावर क्रिकेट लावलं, तर शेठ कळवळून म्हणाले, झिजेल रे.

त्या दिवशी मात्र शेठनं मोठ्या मनानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर गुलनार आली. चालली, अडखळली. पुन्हा चालली, पुन्हा अडखळली.

"शेठ, तुम्हना डबा अटकी ऱ्हायना," शकील म्हणाला. "मन्ही घोडी नही."

डबा हा शब्द शेठना झोंबला. मग काय, गिऱ्हाइकं बियाणं विसरली आणि दुकानात सभाच भरली. हमाल म्हणाला, बिलांचं यंत्र ते, नांगराचा बैल शर्यतीत पळेल का? शेजारचा नवनीत घड्याळवाला म्हणाला, इतकं स्पष्ट चित्र फार जड असतं, हिशोबाच्या लॅपटॉपची छाती भरून येते. शकील प्रत्येकाला हो म्हणत होता. आयुष्यात त्यानं नवनीतचं एक वाक्य मान्य केलं नव्हतं, त्या दिवशी त्याला स्वतःच्या खिशातला तंबाखू दिला.

मयंकनं बिलांचा प्रोग्राम बंद केला, चार्जर लावला, व्हिडिओ पुन्हा चालवला. अडखळणं होतं तिथंच होतं.

तेवढ्यात आतून अनोखीबाई, म्हणजे शेठाणी, बाहेर आल्या. नवऱ्याला काहीही बोला, त्यांना चालायचं. लॅपटॉपला बोललेलं नाही. नातीच्या, फाल्गुनीच्या लग्नाची फिल्म मी यावरच बघते, कधी थांबत नाही, असं ऐकवून त्यांनी पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला. फोटोवाल्यानं मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेली फिल्म. यापेक्षा जड काय असणार?

लग्न सुरू झालं. दिवे, फुगे, शेठाणीच्या बहिणी. मग नातजावई दिसले, एका हातात फेटा, दुसऱ्या हातात जीव. दुकान खदखदून हसलं. जावयांच्या खाली गुलनार होती. मान कमानीसारखी, पायात घुंगरं, ताशाच्या तालावर पाय उचलत, तळ्यावरून होडी जावी तशी पुढं येत होती. कुठंही अडखळणं नाही. शकील तिच्यापुढं उलटा चालत होता आणि तिच्याकडेच बघत होता.

लोकांचं हसणं हळूहळू विरलं.

मयंकनं, कुणी न सांगता, तापीकाठचा व्हिडिओ परत लावला. आता शकील घोडीच्या मागं बघत होता. नदीवरून एक बगळा चालला होता, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखा. पाण्यावरची चमकही न थांबता हलत होती. अडखळत होती ती एकटी गुलनार.

शकील शेठकडे वळला.

"लॅपटॉप चांगला शे, शेठ."

शेठ जिंकले होते. पण एरवी मापात चिमूटभर जास्त गेलं तर पेठेला सांगणारा हा माणूस धोतराच्या सोग्यानं पडदा पुसत बसला. पडद्यावर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी शकील गुलनारच्या पुढच्या डाव्या पायाला तेल चोळत होता तेव्हा हलीमा शेजारी येऊन बसली. तो पाय तो इतर तिन्हींपेक्षा जास्त वेळ चोळतो, हे तिनं उन्हाळ्यापासून पाहिलं होतं. आधी त्यानं नालाला दोष दिला, नालबंद बदलला. मग रस्त्याला दिला. शेवटी लॅपटॉपला.

"तुमको मालूम था ना?" तिनं विचारलं.

"हाथ को मालूम था," शकील म्हणाला. हलीमानं उठून विटा तापवायला ठेवल्या आणि त्या फडक्यात गुंडाळून सवतीचा पाय शेकला.

घोडी द्यायची नाही, असं नवलसिंगांना कळवलं. जत्रा भरली. एका दलालाचा निरोप आला की लंगड्या जनावरालाही गिऱ्हाईक मिळतं, ट्रक आहे. शकीलनं निरोप्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. सारंगखेड्याला तो त्या वर्षी गेलाच नाही. घुंगरं तबेल्यात खिळ्याला टांगली.

हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसलं की अनोखीबाई त्याला हाक मारतात. तो मक्याच्या बियाण्याच्या पोत्यावर बसतो. शेठ बिलं बाजूला सारतात, लग्न लावतात. जावयांना आता कुणी हसत नाही. घोडी मांडवाच्या दाराशी येते, नवरदेव उतरतो, तेवढंच शकील बघतो. पुढं पंगती आहेत, विदाई आहे, पण तो चपला घालून समोर तबेल्यात जातो. दारावरची तिची मान त्याच्याकडे वळते. त्याच्याकडे यायचं म्हणून ती पुढचा पाय टाकते, तर तो लांबूनच हात दाखवतो, थांब, मीच येतो.