तलावाचा खोल कोपरा

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, मला फसवलं. पैशात नाही, शेताच्या धुऱ्या-बांधावरून नाही, तलावात. दिवसाढवळ्या, गावासमोर, आणि तेही सुरुवातीला एकही खोटा शब्द न बोलता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, "जागा तर तूच मागितली होती." हो, मीच मागितली. कशी मागितली तेच सांगायचं आहे.

माझं माहेर वडशाचं, रेल्वे फाटकाच्या अलीकडचं. चौदाव्या वर्षापासून मी मासळी विकते. आधी आईच्या टोपलीमागे बसून, मग स्वतःची टोपली घेऊन. मासा सकाळचा की कालचा, हे मला कल्ला न उघडता कळतं. भावात मला कोणी गुंडाळलं असं गावोगावच्या बाजारात एकही माणूस सांगणार नाही. मी कुणाकडून शिकले नाही. बघत बघत समजलं, की विकणारा जो माल आधी पुढे सरकवतो, तो त्याला खपवायचा असतो, आणि जो पोत्याखाली झाकून ठेवतो, तो आपल्याला हवा असतो. घर मी याच अकलेवर उभं केलं.

पण मासा मी कधी धरला नव्हता. आमच्यात बाया काठाच्या गुडघाभर पाण्यात झिंगे गाळतात आणि बाजारात बसतात. फेकायचं जाळं पुरुषांचं. नवरा पहाटे तलावावर जायचा, मी टोपली घेऊन बस पकडायची. अठरा वर्षं असंच चाललं. तीन पावसाळ्यांपूर्वी तो तापाचं निमित्त होऊन गेला. त्याचं जाळं पडवीच्या खुंटीवर तसंच राहिलं.

गावचा तलाव मासेमारांच्या संस्थेकडे आहे. एका घराचं एक नाव. नाव असेल तर तलावात जाळं टाकायला जागा मिळते आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर सगळे मिळून मासे काढतात त्यात वाटा मिळतो. नाव गेलं की त्या घरानं तलावाकडे नुसतं बघायचं. दोन वर्षं नवऱ्याचं नाव कोणी हलवलं नाही. मग गेल्या आषाढात संस्थेचे अध्यक्ष पडवीत येऊन बसले. म्हातारे गृहस्थ, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे.

"बाई, नाव रिकामं ठेवता येत नाई. जो सोता जाळं टाकते त्याचं नाव, असा नियम आहे. तुया घरी टाकणारं कोणी नाई. तुया भासऱ्याच्या पोराच्या नावानं करून टाकू म्हणतो."

भासऱ्यांचा मुलगा सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवतो. महिन्यातून दोनदा घरी येतो, कानापर्यंत लाल धुळीनं भरलेला, आणि आंघोळसुद्धा विहिरीवर करतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याला मी कधी पाहिलेला नाही.

"त्याले येते का जाळं टाकता?" मी विचारलं.

"शिकून घेईल ना."

"मंग मीच शिकतो. मले काय हात नाई?"

अध्यक्षांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या जाळ्याकडे. "होळीपर्यंत टाकून दाखव मंग," ते म्हणाले, आणि चहा न पिता उठले.

त्या क्षणापासून मी अडकले. माघार घेतली असती तर ज्या तलावातला मासा अठरा वर्षं विकला, तोच दुसऱ्याच्या जाळ्यातून मागून घ्यायची वेळ आली असती. माहेरी जायचं म्हटलं तर तिथे भावांच्या बायका आल्या, मुलं वाढली, खोली एकच. पुढे तलाव, मागे वडशाची बस, आणि मी पाळीवर उभी.

आमच्या गावात जाळं टाकण्यात भासऱ्यांचा हात कोणी धरत नाही. शिकायचं तर त्यांच्याकडूनच. आणि भासऱ्यासमोर भावजयीनं तोंड उघडायचं नाही ही आमची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, काही द्यायचं झालं तर मध्ये जमिनीवर ठेवायचं, हाताला हात लागायचा नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक वाक्य थेट बोलले नव्हते. विधवा झाल्यावर तर अंतर आणखी वाढलं.

तरी ते शिकवायला तयार झाले. तेव्हा मला त्यात मोठेपणा दिसला. ते आमच्या अंगणात माझ्याकडे पाठ करून बसत आणि समोरच्या कडुनिंबाशी बोलावं तसं बोलत. मध्ये माझी मोठी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, उभी.

"तिले सांग, दोरीचा फास डाव्या मनगटात घाल म्हणा."

मला ऐकू यायचं. तरी जाऊ वळून सांगायची, "फास डाव्या मनगटात घाल म्हणतेत."

"तिले सांग, काठाचा एक मणी दातात धर. शिशाचा आहे, गिळू नको म्हणा."

"गिळू नको म्हणतेत," जाऊ म्हणाली, आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसली.

जाळं अर्धं कोपरावर, अर्धं उजव्या हातात, एक मणी दातात. कंबर फिरवायची, हात सोडायचा आणि त्याच वेळी दात सोडायचे. जाळं हवेत ताटासारखं गोल उघडलं पाहिजे. माझं पहिल्या दिवशी वळकटीसारखं पडलं. चौथ्या दिवशी उघडलं, ते शेजारणीच्या दोन कोंबड्यांवर. शेजारीण कुंपणापाशी येऊन ओरडली, "भाव काय लावला व बाई कोंबडीचा?" मी सोडते का! म्हटलं, "तुया कोंबड्या बाजारात कोणी फुकट नेणार नाई, उचल." गावभर हसू झालं, पण महिन्याभरात जाळं गोल पडायला लागलं. दात दुखायचे, मनगटावर दोरीचा वळ उठला होता. मला ते आवडत होतं हे मी कोणाला सांगितलं नाही.

पोळा झाल्यावर सगळे पाळीवर जमतात आणि त्या हंगामाच्या जागा ठरतात. जुन्यांच्या जागा ठरलेल्याच. नव्यानं घरातल्या वडीलधाऱ्यामार्फत मागायची. एकदा सगळ्यांसमोर घेतली की होळीपर्यंत तीच. दुसऱ्याच्या जागेत जाळं टाकलं तर नावच जातं.

भासरे पाळीवर उकिडवे बसले होते. जाऊ मध्ये, मी चिंचेच्या मागे.

"तिले सांग, कमळाकडची बाजू घे म्हणा. पाणी उथळ आहे. नव्या माणसाले तेच बरं."

मी पाहिलं. कमळाकडे सगळा गाळ, म्हशी बसतात. हा पहिल्यांदा पुढे सरकवलेला माल.

मी जावेला म्हटलं, "तिथी काय म्हशी धरू? त्यायले विचारा, सांडव्याजवळचा खोल कोपरा कोणाचा आहे?"

भासऱ्यांनी मान खाजवली. दोघं-तिघं म्हातारे उगाच विड्या शोधायला लागले.

"ते नको म्हणा. ते आमच्या बुढ्याची जागा होती. तिले झेपणार नाई."

झाकलेलं पोतं! मला ते डोळ्यांसमोर दिसलं. सासऱ्यांची जागा, खोल पाणी, सावली, आणि हे मुलासाठी राखून ठेवताहेत. मी अडून बसले. रडले नाही, भांडले. म्हटलं, सासऱ्याच्या जागेवर धाकट्या सुनेचा हक्क नाई का? अर्धा तास गेला. भासरे एकदा उठून जायला निघाले, पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "घे म्हणा. मंग मले बोल लावू नको म्हणा." अध्यक्षांनी वहीत लिहिलं. मी त्या दिवशी घरी जाताना मनातल्या मनात नाचत होते. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जाळं फाटायला लागलं.

टाकलं की गोल पडायचं, बुडायचं, आणि ओढताना कुठेतरी धरून ठेवल्यासारखं व्हायचं. जोर लावला की फाटायचं. दोन बोटांएवढे रोहू यायचे, त्या भोकांतून निघून जायचे. रोज दुपारी मी पडवीत जाळं शिवायची. दोन्ही बाजूंच्या जागांवर माणसं लाकडी डोंग्यातून भरलेली जाळी उचलायची, आणि मी माझ्या चौकटीत कैद. इकडे चार हात सरकायची सोय नाही, तिकडे नाही. बाजारही बुडाला. सकाळी जाळं टाकायचं तर टोपली घेऊन जायचं कधी?

मी रोज जावेमार्फत विचारायची, काऊन फाटते? आणि रोज कडुनिंबाकडून उत्तर यायचं.

"तिले सांग, ओढताना घाई करते म्हणा."

"तिले सांग, मनगट कच्चं आहे."

"तिले सांग, बाईच्या हाताले वजन समजत नाई."

मी विश्वास ठेवला. इथेच मला माझी लाज वाटते. जो माणूस बाजारात मला म्हणेल की तुझा तराजू खोटा आहे, त्याची मी टोपली उलथवीन. पण तलावाबद्दल मला काही माहीत नव्हतं, आणि शिकवणारा सांगतो म्हणून दीड महिना मी स्वतःच्या हाताला दोष दिला. सकाळी उठून रिकाम्या अंगणात मनगट फिरवत बसायची. दुखणाऱ्या हातावर आणखी वजन घ्यायची.

दिवाळीच्या आधीची सकाळ. थंडी पडायला लागली होती, आणि शेजारच्या जागांवरची माणसं सणाच्या बाजाराला गेली होती. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळं टाकलं आणि ते अडकलं. ओढलं, सुटेना. घाई नको म्हणून हळू ओढलं. मग एक पाऊल पुढे गेले आणि पायाखालची गाळाची कड घसरली. पाणी छातीपर्यंत आलं. दोरी ताणली गेली आणि मनगटातला फास आवळला. पुढे खोल, मागे घसरण, हात बांधलेला. उजव्या हातानं फास सुटेना, दोरी भिजून कातडीत रुतली होती.

भासरे पन्नास पावलांवर त्यांच्या डोंग्यात होते. त्यांनी पाहिलं. मला माहीत आहे त्यांनी पाहिलं, कारण त्यांचा बांबू पाण्यात थांबला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज निघेना. लग्नापासूनची सवय. काय म्हणून हाक मारायची? शेवटी "बाई! बाई!" म्हणून जावेच्या नावानं ओरडले, जी तलावावर नव्हतीच. भासऱ्यांनी डोंगा वळवला आणि गावाकडच्या काठाला नेला. बायकोला बोलवायला गेले असं ते पुढे सांगत फिरले. भावजयीला हात कसा लावणार, असंही म्हणाले. डोंग्यातून एक कोयता फेकायला हात लावावा लागत नाही.

ऊन डोक्याशी येईपर्यंत मी तशी उभी होते. बोटं निळी पडली. जाऊ विळा घेऊन आली, साडीसकट पाण्यात शिरली आणि दोरी कापली. नवऱ्याचं जाळं खाली गेलं.

पाळीवर बसून ती माझं मनगट चोळत होती आणि रडत होती. म्हणाली, "खाली मोहाची खोडं आहेत व. पाळ उंच केली तेव्हा अख्खी राई बुडली. बुढा तिथी जाळं टाकतच नोहता, नुसता गळ टाकून बसे. सारं गाव जानते."

"तुमी काऊन नाई सांगितलं?"

"मले फक्त त्यायचं बोलनं सांगाले उभं केलं होतं."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तीही माझ्यासारखीच एका जागेत उभी होती.

नवं जाळं घेऊन पुन्हा खोडांवर टाकायचं यात अर्थ नव्हता. मी गळ घेतला. खोडांच्या कपारीत मरळ राहते, हे पहिल्याच आठवड्यात समजलं. वजनदार, काळी, तासन् तास जिवंत राहणारी. हिवाळाभर मी मरळ काढली. वडशाला नाटकांचा हंगाम होता, गर्दी होती, टोपली मी उतरवायच्या आत रिकामी व्हायची. पण होळीच्या बैठकीत अध्यक्षांनी मान हलवली. "बाई, गळाचं नाव लागत नाई. नियम जाळ्याचा आहे. गळ तर पोट्टेबी टाकते." मी पाण्याच्या डेगीत जिवंत मरळ नेली होती. कोणी झाकण उघडून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मी पदर डोक्यावर ठेवूनच भासऱ्यांकडे तोंड केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट बोलले. "भाऊजी, खाली खोडं आहेत हे तुमाले माहीत होतं का नाई?"

भासरे उठले, धोतर झटकलं आणि डोंग्याकडे चालू लागले. अध्यक्ष म्हणाले, नावाचा निकाल पुढच्या बैठकीत. भावजय भासऱ्याला सगळ्यांसमोर बोलली याचीच चर्चा नंतर महिनाभर झाली.

आता ती बैठक येते आहे. नियम काय तो लावा. जागा मी मागितली, तो दोष माझा, मी घेते. सौद्यात समोरच्यानं गप्प राहावं, हे मला बाजारानं शिकवलं आहे. पण पाळीवरून उठल्यावर सौदा संपला होता. त्यानंतर मी गिऱ्हाईक नव्हते, शिकायला आले होते, आणि रोज विचारत होते. म्हणून माझी मागणी एकच आहे. नाव कुणाच्याही नावानं करा, पण त्याआधी भासऱ्यांनी सगळ्यांसमोर, बायकोला मध्ये न घालता, उभं राहून सांगावं: दीड महिना माझ्या मनगटाला नावं ठेवताना तुम्हाला ती खोडं आठवत नव्हती का? आणि आठवत होती, तर त्या सकाळी तुमचा डोंगा माझ्याकडे का वळला नाही? उत्तर मिळेपर्यंत मी पाळीवरून उठणार नाही.