पाठीच्या पाण्यातल्या रेघा

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. दिवाळीसाठी आम्ही बायकोच्या माहेरी, शिरूरजवळच्या घोड नदीकाठच्या गावात आलो होतो आणि बाजाराच्या दिवशी साडी घ्यायला शिरूरला गेलो. एसटी स्टँडवर धूळ उडून तिच्या उजव्या डोळ्यात गेली, म्हणून तो डोळा पदरानं दाबूनच ती दुकानात बसली. दुकानदार लाल साड्या दाखवत होता आणि ती म्हणत होती, लाल दाखवा, हा तर विटकरी आहे. मी म्हटलं, अगं लालच आहे. तिनं उजव्या डोळ्यावरचा पदर काढला, डावा डोळा झाकला, परत उजवा झाकला, आणि वाद सोडून उठली. बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसून म्हणाली, "माझ्या एका डोळ्यातला रंग उडालाय."

दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यामागच्या शिरेला सूज आहे. गोळ्या दिल्या. डोळा फिरवला की दुखायचा, तेही हळूहळू थांबलं आणि काही आठवड्यांत लाल परत लाल दिसू लागला. आम्ही ती गोष्ट विसरून गेलो.

मी तेव्हा कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये होतो. माल पास की फेल ते ठरवायचं, एवढंच माझं काम. दौंडमध्ये आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. ती गावाबाहेरच्या वस्तीवर अंगणवाडी चालवायची. लूना घेऊन जायची आणि मुलांसारखीच ओरडत, गात परत यायची. शिफ्ट संपवून मी घरी आलो की माझ्या कपड्यांना सॉल्व्हंटचा वास यायचा. ती दारातच नाक धरायची आणि तशीच चहा ठेवायला आत जायची.

पुढच्या थंडीत एका सकाळी न्हाणीत केस धुवायला वाकली आणि बाहेर येऊन म्हणाली, मान खाली घातली की करंट बसतोय, मानेपासून थेट टाचेपर्यंत. मी हसलो, तीही हसली. हवं तेव्हा मान वाकवून करंट बसतो का ते बघायची, जणू कुठंतरी बटण सापडलं होतं. मग पायात मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. कमरेखाली गरम पाणी कळेना. एकदा लूना थांबवताना पाय टेकला की नाही तेच तिला समजलं नाही आणि ती गाडीसकट बांधाकडेला आडवी झाली. गावातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. फरक पडेना, तेव्हा त्यांनीच पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडं पाठवलं.

त्या मॅडम सावकाश बोलायच्या. त्यांनी तिला डोळे मिटून उभं केलं, सरळ रेषेत चालवलं, तळपायाला किल्लीनं ओरखडलं. डोळ्याची जुनी गोष्ट त्यांनीच खोदून काढली. एमआरआय करायला सांगितला. त्यात मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूवर पांढरे ठिपके दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे नाव आम्ही तिथं पहिल्यांदा ऐकलं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या नसांवरचं आवरण खाते, असं त्यांनी सांगितलं. पण असे ठिपके क्षयानंही पडू शकतात, आणखी दोन-चार आजारांतही पडतात. म्हणून पाठीतलं पाणी तपासायचं.

हे माहेरी कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचे वडील, आबा, न्हावऱ्यावरून एसटी बदलत दौंडला आले. आबांची हयात मेंढरांमागं गेली होती. बायको लहान असताना त्यांचं बिऱ्हाड घोडीवर असायचं आणि तीही त्यावर बसून रानोमाळ हिंडलेली. पुढं मेंढरं विकून त्यांनी विहीर पाडली आणि शेती धरली. मोठं पागोटं, बोलणं कमी. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की पाठीचं पाणी काढू द्यायचं नाही. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं काढलं होतं, तो परत उठला नाही. बायको म्हणाली की त्याला दवाखान्यात नेलं तेच खाटेवर घालून, तो आधीच उठत नव्हता. आबांना ते पटलंय असं दिसलं नाही. शेवटी ठरलं, त्यांनी सोबत यायचं आणि डॉक्टरांना स्वतः विचारायचं.

सकाळच्या शटलनं आम्ही तिघं पुण्याला गेलो. आबा मॅडमसमोर खुर्चीत न बसता उभेच राहिले. मॅडमनी स्वतः उठून भिंतीवरच्या चित्रावर दाखवलं की मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते, तिथं फक्त पाणी आणि मोकळ्या नसा असतात. सुईनं पाय जात नाहीत, दोन-चार दिवस डोकं मात्र दुखू शकतं.

आबांनी बराच वेळ त्या चित्राकडं पाहिलं. मग विचारलं, "काढल्यालं पानी परत भरतं का?"

"संध्याकाळपर्यंत भरतं, मामा. अंगात ते रोज नवं तयार होतं."

"मंग काढा," असं म्हणून ते खुर्चीत बसले.

मला आत येऊ दिलं. तिला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, हनुवटी छातीला लावून निजवलं होतं. पोटात बाळ असतं तशी. हलायचं नाही म्हणाले तशी ती हलली नाही. माझा अंगठा मात्र इतका जोरात धरला की नंतर मी तो चोळत होतो. पाणी थेंब थेंब बाटलीत पडलं. मला वाटलं होतं ते पिवळट, दाट असेल. अगदी स्वच्छ होतं, आमच्या लॅबमधल्या शुद्ध पाण्यासारखं. त्याच वेळी हातातून रक्तही घेतलं. मी विचारलं, पाण्याच्या तपासणीला रक्त कशाला? सिस्टर म्हणाल्या, दोन्ही सोबतच पाठवायचं असतं, मुंबईला.

त्यानंतर तिला आडवं पडून राहायला सांगितलं होतं आणि पडून राहणं तिला कधी जमलेलं नाही. दर थोड्या वेळानं कोपरावर उठायची, डोकं गच्च धरायची, पुन्हा पडायची. मग आबा खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या लहानपणाच्या गोष्टी सांगू लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. एकदा ती घोडीवर झोपली आणि वाटेतच खाली गळून पडली, हे बरंच पुढं गेल्यावर लक्षात आलं. मागं जाऊन बघतात तर ही बाभळीखाली एका करडाला धरून बसलेली, रडणं नाही काही नाही. "तवा पडूनशान ऱ्हायली न्हाईस, आता तरी पड," असं म्हणाले. वॉर्डातल्या दुसऱ्या बायाही ऐकत होत्या. बायको हसली की डोकं दुखायचं, म्हणून ती हसू नका म्हणायची, आणि आबा आणखी एक गोष्ट काढायचे.

काही रिपोर्ट लवकर मिळाले. ते मी दवाखान्याच्या पायरीवर उभ्यानंच वाचले. रोजचं कामच होतं माझं: आकडा बघायचा, शेजारची मर्यादा बघायची. पेशी मर्यादेत. साखर नीट. प्रथिनं किंचित जास्त, पण नावापुरती. क्षयाचं काही नाही. आमच्याकडं असा माल आला असता तर मी डोळे झाकून पास केला असता. मी आत जाऊन दोघांना सांगितलं की सगळं चांगलं आहे. आबांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. परतीच्या गाडीत त्यांनी पेढे घेतले आणि समोरच्या अनोळखी माणसालाही दिले.

मुंबईहून दुसरा कागद आला तो त्यानंतर. मॅडमनी फोन करून बोलावलं. आबा शिरूरहून परत आले. त्या कागदावर आकडे नव्हतेच फारसे, एकच ओळ होती: पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड आढळले, रक्तात आढळले नाहीत. मी विचारलं, पहिला रिपोर्ट चुकला का मग?

मॅडम म्हणाल्या, नाही, तोही बरोबर आहे. त्यानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं: आत जंतू नाहीत, क्षय दिसत नाही. ते उत्तर चांगलंच आहे, आणि हा कागद आला म्हणून ते बदलत नाही. हा दुसराच प्रश्न आहे. रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं, ती जेलवर पसरवली की रेघा उमटतात. त्याच रेघा रक्तातही असत्या तर म्हणता आलं असतं की ती अंगात दुसरीकडं कुठं बनून पाण्यात झिरपली. हिच्या फक्त पाण्यात आहेत. म्हणजे ती मेंदू आणि मज्जारज्जूच्या आतच बनताहेत. तिथं काहीतरी धुमसतंय.

मला रक्ताची गोष्ट तेव्हा कळली. आम्हीही नमुन्याशेजारी, माल न मिसळलेलं नुसतं सॉल्व्हंट मशीनवर चालवून बघतो, नमुन्यातलं काय आणि बाहेरचं काय ते वेगळं कळावं म्हणून. मी ते बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, साधारण तसंच. मग मी विचारलं, म्हणजे हा एमएसच, नक्की?

"एवढ्या कागदावरून मी नक्की म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "अशा रेघा दुसऱ्या काही आजारांतही दिसतात. आणि एमएस असूनही कित्येकांच्या पाण्यात दिसत नाहीत, आपल्याकडं तर जरा जास्तच. पण हिचा आधी डोळा गेला, मग पाय. एमआरआयवर ठिपके आहेत, बाकीचे आजार तपासून बाजूला केलेत. आता या रेघा. सगळं मिळून मी एमएस म्हणतेय."

मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला विचारायचीही सुचली नसती: रेघा किती आहेत यावरून आजार किती मोठा ते ठरत नाही, आणि बरं वाटतंय का बघायला दर वर्षी पाणी काढायचं नसतं. ते काम झालं. पुढं चालणं, दिसणं आणि एमआरआय बघायचं.

आबांनी विचारलं, "म्हंजी पानी खराब झालंय व्हय?"

"पाणी चांगलं आहे, मामा. आत काय चाललंय तेवढं त्यानं सांगितलं."

आबा मान हलवत राहिले. सगळं कळलं असेल असं नाही, पण मॅडम त्यांच्याकडं बघून बोलत होत्या, हे त्यांना फार भावलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, ही डाक्टरीण माणसाशी माणसावानी बोलती.

आम्ही मॅडमसमोरून उठायला लागलो तशी बायकोनं आबांना बाहेर चहा सांगायला पाठवलं, दार लागू दिलं आणि विचारलं, "मला मूल होऊ द्यायचं का नाही?"

पाय राहतील का, डोळा राहील का, हे माझ्या डोक्यात होतं. मुलाचा विचार नव्हता. मॅडम म्हणाल्या की या आजारासाठी थांबायची गरज नाही, बाळाला तो असाच जातो असंही नाही. फक्त ठरवण्याआधी सांगा, औषधं बघावी लागतील. चालण्याबद्दल मीच विचारलं. त्या म्हणाल्या, खोटं सांगणार नाही, कुणाचं कसं जाईल ते आज कळत नाही. पण वर्षानुवर्षं चालणारी पुष्कळ माणसं मी बघते. बायकोनं मान डोलावली आणि पदर खोचला. चहा प्यायला आम्ही बाहेर आलो तर आबांनी चारचौघांना पुरेल एवढी भजी घेऊन ठेवली होती.

सलाईनमधून स्टेरॉइड दिली. तोंडाला लोखंडाची चव आली म्हणून ती चिडायची. पाय हळूहळू मोकळे झाले. लूना मी तिला देत नव्हतो. एक दिवस कामावरून आलो तर दारात लूना नव्हती आणि तीही नव्हती. अंगणवाडीत जाऊन बघितलं तर गाणं चाललेलं.

मुलगी झाली त्यानंतर. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुन्हा एकदा पाय गेले, तेव्हा आबा महिनाभर दौंडलाच राहिले. नातीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घ्यायचे आणि रेल्वेच्या गाड्या दाखवायला न्यायचे. पाय तेव्हाही परत आले, पण पूर्ण नाही. उन्हाळ्यात दुपारी डावा पाय आजही ओढतो. ती डोक्यावर ओला नॅपकिन टाकून बसते आणि ऊन कललं की कामाला लागते. मुलगी चालायला शिकली तेव्हा मायलेकी सारख्याच धडपडायच्या आणि एकमेकींना हसायच्या.

आता आमच्या भागात कुणाला पाठीतलं पाणी काढायला सांगितलं की लोक आमच्याकडं येतात. मागं न्हावऱ्याकडची एक सासू सुनेला घेऊन आली, सून घाबरून पांढरी पडलेली. मी रिपोर्ट समजावून सांगायला सरसावलो, पेशी, प्रथिनं, बँड वगैरे. बायकोनं मला चहा टाकायला आत पाठवलं. मग त्या मुलीला दिवाणावर कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, स्वतः खाली बसली आणि म्हणाली, "असं पडायचं. कुणाचा तरी हात धरायचा, नवऱ्याचा धर, मोडला तरी चालतोय. आन् कागद आला की आपला आपण वाचायचा न्हाई, डॉक्टरसमोर वाचायचा."

ती मुलगी तिथंच, गुडघे पोटाशी घेऊन, हसली. मी आतून विचारलं, साखर किती घालू.