आधी त्याले बोलवा

"मोल विचारला मी, मोळी नाही. उसाची मोळी बांधाले बोलावलं नाही तुले."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी उभी. हातात खडू. प्रश्न सोपा होता. अकरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे किती मोल? अकरावी सायन्सचा पहिलाच धडा. मला आलं नाही. दिवाळीनंतर आईबापासोबत ऊस तोडायला गेले होते, जानेवारीत एकटी परतले. अडीच महिने हातात कोयता. सूत्र पार पुसून गेलं होतं.

"तांड्यावरच्या पोरीले सायन्स पाहिजे. काहून? कोयत्याले धार लावाले?"

पुन्हा हसले. पहिल्या बाकावरचा डॉक्टरसाहेबांचा पोरगा सगळ्यात मोठ्यानं. मी मान खाली घालून जागेवर गेले. उत्तर आलं नाही, त्याचं काही नाही. मान खाली घातली, त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा तांड्यावर काकूजवळ राहायचे. सकाळी एसटीनं मानोऱ्याला कॉलेजात, संध्याकाळी परत. भाकरी थापून झाल्या की गणितं सोडवायला बसायचं. दहावीच्या वह्यांची कोरी पानं फाडून शिवली होती. आधी ग्रॅम भागिले रेणुभार. मग लीटर. मग रेणूंची संख्या. एकच गणित तीनदा, दर वेळी आकडे बदलून. फिजिक्सचीही तशीच. पुस्तकात चेंडू घरंगळायचा, मी उसाचा ट्रॅक्टर घ्यायचे. उतारावर ब्रेक लागेपर्यंत किती मीटर जाईल? तसा ट्रॅक्टर डोळ्यांनी पाहिला होता. पटकन समजायचं.

"किती लिवून राह्यली व तू? बोटं दुखत नाईत काय?" काकू विचारायची.

दुखायची. कोयत्याचे घट्टे अजून गेले नव्हते.

मार्चमध्ये चाचणी झाली. केमिस्ट्री-फिजिक्सची नुसती गणितं, पंचवीस मार्कांची. पैकीच्या पैकी दोघांनाच. डॉक्टरांच्या पोराला आणि मला.

सरांनी माझा पेपर मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला.

"कोनाचं पाहून लिवलं?"

"कोनाचंच नाही, सर."

"मंग ये फळ्यावर. सोडवून दाखव."

सवयीनं एक पाऊल पुढे पडलंही. मग थांबले. गणित येत होतं. कितीही वेळा सोडवलं असतं. पण पंचवीस दोघांना, आणि झडती एकटीची?

"आधी त्याले बोलवा," मी डॉक्टरांच्या पोराकडे बोट केलं. "त्यालेबी पंचवीसच हायेत. त्यानं सोडवलं की मी येईन."

या वेळी कोणी हसलं नाही.

"त्याचा बाप कोन हाय, माहीत हाय ना तुले?"

"माहा बाप कोन हाय तेबी तुमाले माहीत हाय, सर. म्हनूनच तुमी मले बोलावलं."

सरांनी पंचवीसवर लाल रेघ मारली. बाजूला शून्य लिहिलं. मला प्राचार्यांकडे नेलं. प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. माफी लिहून दे, विषय मिटव, म्हणाले. मी पेन उचललं नाही. डॉक्टरांच्या पोराला कोणी काही विचारलं नाही.

शून्य तसंच आहे. आता मी बारावीत. यंदा आईबापाला आधीच सांगितलं, मी उसाच्या फडावर येणार नाही. बाप रागावला. तरी गेले नाही.

प्रॅक्टिकलचे मार्क त्याच सरांच्या हातात आहेत. कापतील. मला माहीत आहे, वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कापले तर अर्ज करीन. अर्ज फेकला तर दुसरा करीन, त्यांच्या वर जाईन. माफी मागणार नाही. आणि मला एकटीला उठवून पुन्हा कोणी म्हणालं, सिद्ध कर, तर मी जागची हलणार नाही.