आजोबांची अमानत

आमच्या लोकांत अमानतीचे दफन असते. मरणाऱ्याने दूरच्या पवित्र शहरात निजण्याची इच्छा सांगितली आणि घरात तेवढी ऐपत नसली, तर त्याला जमिनीखाली विटांच्या कोठडीत ठेवतात आणि मुदत बोलून जमिनीच्या स्वाधीन करतात. त्या मुदतीपर्यंत जमीन त्याला सांभाळते, अशी श्रद्धा आहे. माझे आजोबा इराणातल्या खुरासानातून घोडे घेऊन एलिचपूरच्या छावणीत आले आणि पुढे अकोल्यात राहिले. मरताना त्यांनी आपल्याला तिकडच्या पवित्र मशहदला नेण्याचे वचन माझ्या वडिलांकडून घेतले. वडिलांनी वीस वर्षांची मुदत बोलली.

आजी बाळापूरची. आजोबांबरोबर घरातली फारसी संपली आणि आजीची वऱ्हाडी उरली. दहा वर्षांनी तीही गेली. तिचे सांगणे उलट होते. "मले कुठी नेऊ नका. मी इथलीच हाव." वडिलांनी तिला आजोबांच्या शेजारी ठेवले. मध्ये विटांची एकच भिंत होती. उरलेली वर्षे तरी दोघे जवळ राहतील, एवढाच त्यांचा विचार होता.

पुढे अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या कापसाचे भाव चढले. ज्वारीची शेतेही कापसाखाली गेली. वडिलांच्या अडतीत उभे राहायला जागा उरली नाही. मुदत संपायला एक वर्ष राहिले होते आणि वचन पाळण्याची ऐपत प्रथमच आली होती.

त्या हिवाळ्यात मशहदकडचा एक घोड्यांचा व्यापारी आमच्याकडे उतरला. वडील रोज संध्याकाळी त्याला इराणची हकीकत विचारत. तो म्हणाला, तिकडे आता लोक कहवा सोडून चहा पितात, तारेचे खांब उभे राहत आहेत. आजोबांनी सांगितलेल्या इराणात चहा नव्हता आणि खांबही नव्हते. वडील मान खाली घालून विद्यार्थ्यासारखे ऐकत. परतताना आजोबांच्या हाडांची पेटी न्यायचे व्यापाऱ्याने कबूल केले.

कबर उघडताना वडिलांना पाहवेना, म्हणून मी उतरलो. माझे वय तेव्हा बावीस होते. कबर खोदणारा म्हातारा तोंडाळ होता. "काय मिया, तुमच्या बुढ्यानं जागा भाड्यानं घेतली होती काय? एवढ्या वर्षानं बिऱ्हाड हालवून राहिले!" वडील हसले नाहीत. फरश्या निघाल्या तेव्हा म्हाताऱ्याचेही हसणे थांबले.

"काळी जमीन हाये," तो माझ्या कानाशी म्हणाला. "तिच्यात विटा टिकत नाईत." आणि वर चढून गेला. हाडे घरच्यानेच वेचायची असतात.

आमची जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. खुरासानी पद्धतीची ती कोठडी तिने दाबून मोडली होती. मधली भिंत आडवी झाली होती. कवट्या दोन होत्या. एकीचे दात मिश्रीने काळे पडलेले होते, ती आजी. बाकीचे मला ओळखता येईना.

वरून वडिलांनी विचारले, "सापडले काय?"

"सापडले."

"सारे?"

"सारे."

खरे सांगितले असते तर त्यांनी कबर बंद केली असती आणि बापाला दिलेले वचन मोडले असते. नाहीतर दोघांनाही नेले असते आणि आईचे मोडले असते. मी लांब हाडे निवडली. त्यांत तिची काही होती, यात शंका नाही. झाकण मीच ठोकले. कापसाच्या गाड्यांबरोबर पेटी निघाली, तेव्हा वडील वेशीपर्यंत चालत गेले.

दीड वर्षाने व्यापारी परत आला. दफन झाले होते. मात्र तिथल्या कबरस्तानाच्या वहीत आजोबांच्या नावापुढे 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा, असे लिहिले गेले. "मी खूप भांडलो," तो आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "पण तिथला कारकून बोलला, हाडांना लागलेली ही काळी माती आमच्याकडची नाही."

वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिथं त्याले कोनी ओळखलं नाई. अन् इथं आमी त्याले माह्या मायपासून तोडलं."

त्यांना आधार वाटेल असे समजून मी तेव्हा सांगितले. "तोडलं नाई, अब्बा. तेही गेली हाये संगं. थोडी."



"थोडी म्हंजे किती?"

"माईत नाई."

"मायनं माह्याकडून एकच गोष्ट मांगली होती," ते म्हणाले. "ते तू मोडली. अन् मले सांगितलंही नाई."

त्यानंतर ते चार वर्षे जगले. माझ्याशी बोलले नाहीत. भाव पडले, अडत बसली, तेव्हाही जे सांगायचे ते माझ्या बायकोजवळ सांगत. "त्याले म्हना, दुकानाची किल्ली ठेवून जा." मी समोरच उभा असे.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी जमातीतल्या चौघांना बोलावले. आपली अमानत करू नये, वीट लावू नये, मातीतच ठेवावे, आणि मुलाने कबरीत उतरू नये, असे त्यांच्याकडून वदवून घेतले.

आमच्या घराण्यात बापाला मुलगाच उतरवीत आला होता. त्या दिवशी दोन परके उतरले. रक्ताच्या माणसाने माती लोटू नये, असा आमच्यात दंडक आहे. त्यामुळे मी हात न लावता काठावर उभा राहिलो, आणि लोकांना त्यात वावगे काही दिसले नाही.