अक्कांचं तिकीट

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. ह्यांच्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे बसले तरी तेवढी वगळून बाकीचं बोलत आले. तसं पाहिलं तर मोठं काही घडलं नाही — कुणी मेलं नाही, कुणाचा संसार मोडला नाही. आगगाडीच्या प्रवासाचा एक बेत होता, तो फसला. म्हणजे — फसला असं मी सांगितलं.

थांबा. नीट सांगते.

लग्न होऊन मी मुंबईहून मद्रासला आले ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. हे अंबत्तूरला एका कारखान्यात होते. सकाळी डबा घेऊन मांबलम स्टेशन गाठायचे ते दिवेलागणीलाच परत. आमचं बिऱ्हाड वेस्ट मांबलममध्ये, वरच्या मजल्यावर. मला तमिळचा गंध नव्हता. दूधवाल्याशी बोटांनी बोलायचं, भाजीवालीशी मानेनं. दुपारी घर खायला उठायचं आणि मी चक्क रडत बसायची. अशाच एका दुपारी जिन्याखालून हाक आली — "नवी पोरगी, काफी पितीस कीं गे?"

मराठीत! मी पदरानं डोळे पुसत धावत खाली गेले.

त्या अक्का. तळमजल्यावर मुलगा नि सून यांच्याबरोबर राहायच्या. तंजावरचे मराठी, पूर्वज कधीकाळी राजांच्या मागून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मुलगा वेंकटराव बँकेत होता, तो नि त्याची बायको आपसांत तमिळच बोलत. घरात मराठी बोलणाऱ्या अक्का एकट्या. आणि ते मराठी तरी कसं? 'मला' नाही, 'मज'. 'सगळी' नाही, 'अस्की'. मुलाला म्हणायचं 'लेंकरू'. सांबाराला 'अंबट वरण'. आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल, झोका वर जावा तसा.

त्यांनी मला काय दिलं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांनी मला तमिळ शिकवलं. लेक झाली तेव्हा आई आजारी होती, येऊ शकली नाही. तर बाळाला न्हाऊमाखू घालणं, मला शेक देणं, पथ्याचं रांधणं — सगळं अक्कांनी केलं. बाळंतिणीची आई करते तसं. मी कधी आभार मानले का? त्या घरात तशी पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे.

दर उन्हाळ्यात मी माहेरी जायची. परत आले की अक्का मला समोर बसवायच्या आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायच्या. तिकडे अस्की लोकं अपलीच भाषा बोलतात? भाजीवाली पण? बसचा कंडक्टर पण? पोलीस पण? मी हो म्हणायची. त्या हसायच्या, पण त्यांचा पुरता विश्वास बसत नसे. उभ्या आयुष्यात त्यांनी मराठी फक्त घराच्या चार भिंतींत ऐकलेलं. रस्त्यावर कधीच नाही. आपण चालतोय आणि चारी बाजूंनी अनोळखी माणसं आपल्या भाषेत भांडतायत, भाव करतायत — हे त्यांना एकदा ऐकायचं होतं. देवदर्शन नाही, नातेवाईक नाही. नुसतं ऐकायचं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी गच्चीवर वडाम — तांदळाच्या कुरडया — घालताना त्या म्हणाल्या, "मज पण ने गे लेंकरा. कानांनीं ऐकून येतें."

मी लगेच हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. मला खरंच आनंद झाला होता.

मग आमचा बेत सुरू झाला. वेंकटरावांनी परवानगी दिली, पैसे दिले. रेल्वेचं वेळापत्रक आणलं. दुपारची कामं आटोपली की मी वाचायची आणि अक्का ऐकायच्या. गुंटकल, रायचूर, वाडी, सोलापूर, पुणे. स्टेशनांची नावं त्यांना पाठ झाली. त्यांनी मला विचारलं, कुठल्या स्टेशनावर चहावाला मराठीत ओरडायला लागेल? असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मी म्हटलं, सोलापूरच्या आसपास. तर त्यांनी ठरवून टाकलं — वाडी गेलं की निजायचं नाही, खिडकीशी बसायचं. खिडकी कुठल्या बाजूची, दहीभात किती टिकेल, चिंचेचा भात किती करायचा, नवऱ्यामुलीला साडी कांजीवरमची घ्यावी का — अशा त्यांच्या शंका. ह्यांनी रांगेत उभं राहून तिकिटं काढली. त्या काळी प्रत्येकाचं वेगळं पुठ्ठ्याचं तिकीट असे. अक्कांनी आपलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे परत दिलं. तूच ठेव म्हणाल्या. हरवेन मी.

आता इथवर आले आहे, तर पुढचं बोललंच पाहिजे.

माहेरी माझा एक खेळ होता. पहिल्याच उन्हाळ्यात सुरू झालेला. रात्री जेवणं झाली की भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, शेजारपाजारचे — सगळे मागे लागायचे, मद्रासच्या अक्का कर! मी पदर खोचायची, मान हलवायची, आणि तो हेल काढायची. 'मज'. 'अस्की'. 'पोलीस पण बोलतो कीं गे?' लोक पोट धरधरून हसायचे. मला फार चांगली जमायची ती नक्कल. जमणारच — माझ्याइतकं त्यांचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं कुणी? मद्रासला जी मला जवळची वाटायची, मुंबईला तिची मी गंमत करायची. दरवर्षी नव्या वाक्यांची भर घालायची. परतीच्या गाडीत बसले की विसरायची. खरंच विसरायची का? — कोण जाणे.

अक्कांच्या घरी फोन होता. लग्नाच्या थोडं आधी त्यावर वहिनीचा ट्रंक कॉल आला. मी उभी राहून बोलत होते, अक्का शेजारीच जमिनीवर बसून पालेभाजी निवडत होत्या. वहिनी लग्नाच्या गोष्टी सांगत होती आणि मध्येच खिदळत म्हणाली, "अगं, मुलांनी तुझी नक्कल पाठ केलीये! खऱ्या अक्का आल्या की त्यांच्यासमोर करून दाखवणार म्हणतायत."

मी घाईनं बोलणं आटोपलं. फोन ठेवला तर अक्का वर बघत होत्या. "काय म्हणती गे वहिनी?"

मी म्हटलं, तुमची वाट बघतायत सगळे.

वहिनीला एक पत्र टाकून मुलांना दटावता आलं असतं. अक्कांना आधीच सांगता आलं असतं — मी अशी वागले, मला क्षमा करा. त्यांनी केलीही असती. पण त्यांनी मला तसं ओळखायला नको होतं. त्यांना दुखावण्याची भीती नव्हती हो मला. स्वतः उघडी पडण्याची होती. हा फरक मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा मान्य केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला अक्कांकडेच ठेवलं — हो, त्यांच्याकडेच — आणि सेंट्रल स्टेशनवर जाऊन त्यांचं तिकीट रद्द करून आले. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं शिक्का मारला. एवढंच.

घरी येऊन अक्कांना म्हटलं, आमची जागा पक्की झाली, तुमची मात्र वेटिंगवरच राहिली. माझ्याच लक्षात आलं नव्हतं. इंग्रजी मला वाचता येतं, त्यांना नाही. त्यांनी का शंका घ्यावी? त्यांनी वेळापत्रक मिटलं. मग म्हणाल्या, "मी खालीं बसून येतें. लेंकराला मांडीवर घेतें."

मी म्हटलं, टीसी उतरवतो हो अक्का.

आणि ह्यांना वेगळंच सांगितलं. अक्कांना बरं नाही, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, मीच तिकीट परत करून आले. ह्यांना वाईट वाटलं. भेटून येतो म्हणाले. मी म्हटलं, त्या निजल्यात. वेंकटरावांना पैसे पुरते नेऊन दिले. दोन्ही खोटी एकमेकांना भेटणार नाहीत एवढी खबरदारी घेत मी घरात वावरत होते. निघायच्या दिवशी अक्का चिंचेच्या भाताचा डबा आणि नवरीची साडी घेऊन फाटकाशी आल्या. हे रिक्षात सामान चढवत होते. मी दोघांच्या मधे उभी राहिले. तरी ह्यांनी वाकून म्हटलंच, तब्येतीला जपा हं अक्का. सगळेच म्हणतात तसं. त्यांनी मान डोलावली.

त्यांची जागा कुणा दुसऱ्याच बाईंना मिळाली. खिडकीपाशी. सोलापूर आलं तेव्हा चहावाला ओरडला आणि त्या बाईंनी कानावर पदर ओढून घेतला.

अजून एक उरलं आहे. ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. लग्नघरी मेंदीच्या संध्याकाळी मुलांनी गलका केला — अक्का आल्या नाहीत, मग तूच कर. मी नाही म्हणू शकले असते. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी पदर खोचला. आणि त्या वर्षीचं नवं वाक्य म्हणून घातलं — "मी खालीं बसून येतें. लेंकराला मांडीवर घेतें." सगळ्यात जास्त हशा त्यालाच मिळाला.

परत आले. अक्कांनी विचारलं, पोलीस पण बोलतो? मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी जाऊं, त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी लेक तापानं आजारी होती, मी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी विषयच काढला नाही, त्यांनीच काढला. बघू म्हटलं. तिसरा उन्हाळाही तसाच गेला.

मग ती नवरात्रातली संध्याकाळ. अक्कांकडे बाहुल्यांची आरास मांडलेली, आम्हाला बोलावलं होतं. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, खाता खाता हे सहज म्हणाले, "अक्का, येत्या उन्हाळ्यात चला मुंबईला. मागे तुम्हाला बरं नव्हतं म्हणून राहिलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ना?"

वेंकटराव आत होते. सून आत होती. आम्ही तिघंच. अक्कांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ताटलीकडे बघत होते. त्यांना समजायला किती वेळ लागला असेल? फार नाही. अक्का अशिक्षित होत्या, मूर्ख नव्हत्या.

"हो कीं," त्या ह्यांना म्हणाल्या. "बरं नोव्हतं मज. पाय सुजून गेले होते. कसं यायाचं?"

आणि उठून माझ्या ताटलीत आणखी सुंडल घातलं.

मी समजले, त्यांनी मला झाकलं. का, ते विचारलं नाही. त्यांनीही मला का म्हणून विचारलं नाही — त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. अंबट वरण वर येत राहिलं, लेकीची वेणी त्याच घालत राहिल्या. फक्त मुंबईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी माहेरून परतले की आता त्या सगळ्यांची खुशाली विचारायच्या, पोलिसाचं विचारायच्या नाहीत.

पुढे ह्यांची बदली पुण्याला झाली. वेंकटरावांनी वेलचेरीला घर घेतलं आणि अक्का तिथेच वारल्या, असं त्यांनी कळवलं. आम्ही गेलो नाही. म्हणजे हे जाऊ म्हणत होते, मी नको म्हटलं.

ती नक्कल मी त्या लग्नानंतर परत केली का? नवरात्रापर्यंत केली. एकदा नाही, दोन उन्हाळे.

हे आता थकलेत. कुणी मद्रासचं विचारलं की अजून अक्कांबद्दल भरभरून बोलतात. शेवटी नेहमी म्हणतात, फार हौस होती हो त्यांना मुंबईची. नेमकी तब्येत आडवी आली. मी आतून चहा आणते.

हे लिहून झालं की कागद ह्यांच्याच हातात देणार आहे. अक्कांची तब्येत त्या उन्हाळ्यात ठणठणीत होती. त्या यायला तयार होत्या.